फोर्ट डेव्हिसला पहिल्यांदा जाताय? रात्र ताऱ्यांना द्या, पण दिवस छावणीला द्या

टेक्सासमधे नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो, लाँग वीकेंडला जायचं कुठे, आणि त्यावर कोणीतरी "फोर्ट डेव्हिसला जा, तारे मस्त दिसतात" एवढं सांगून मोकळं होतं. मग लोक सात-आठ तास गाडी हाणत जातात, तिथे गेल्यावर कळतं की स्टार पार्टीची (वेधशाळेत रात्री दुर्बिणीतून तारे दाखवतात तो कार्यक्रम) तिकिटं संपलीत, रात्री जेवायला काही उघडं नाही, त्यात पौर्णिमा, आणि ज्या जुन्या लष्करी छावणीमुळे हे गाव मुळात वसलं ती शेजारून जाऊनही बघायची राहते. मी तिथे जाऊन आलेय आणि पुन्हा पुन्हा जाते, त्यामुळे आई-बाबांना किंवा लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहितेय. कागदपत्रांचा भाग तेवढा नीट वाचा, तो कोणी सांगत नाही.

आधी हे गाव तिथे का आहे ते समजून घ्या

फोर्ट डेव्हिस हे पश्चिम टेक्सासमधलं जेमतेम हजारेक वस्तीचं गाव. चिवावान वाळवंटातल्या डेव्हिस माउंटन्सच्या कुशीत, साधारण ४,९०० फुटांवर. नगरपालिका नाही, पण जेफ डेव्हिस काउंटीचं मुख्य ठिकाण हेच.

१८४९ मधे कॅलिफोर्नियाच्या सोन्याची हूल उठली आणि सॅन अँटोनियोहून एल पासोला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांचे तांडे वाढले. वाटेत पाणी फारच थोड्या ठिकाणी. लिंपिया क्रीक हा छोटासा ओढा त्यातलाच एक, आजूबाजूला कॉटनवुडची झाडं, जळणाला लाकूड, घोड्यांना गवत. हा सगळा मुलूख अपाची या मूळ रहिवासी लोकांचा, आणि मेक्सिकोत उतरणारे कोमांची जमातीचे लोकही याच भागातून जायचे, तेव्हा परक्यांच्या गाड्या त्यांच्या पाण्यावरून जायला लागल्यावर संघर्ष होणारच होता. ऑक्टोबर १८५४ मधे अमेरिकन सैन्याने इथे ठाणं उभं केलं आणि तेव्हाचे युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस यांचं नाव दिलं.

सैन्य आलं की मागोमाग बाकीचं येतंच. गवत पुरवणारे, लाकूड पुरवणारे, मांस आणि मका पुरवणारे ठेकेदार, दुकानदार, कपडे धुणाऱ्या बायका, सीमेपलीकडून आलेली मेक्सिकन कुटुंबं. आपल्याकडे कामठी किंवा देवळाली जशी छावणीच्या आधाराने वाढली तसंच हे गाव वाढलं. एवढं डोक्यात ठेवून गेलात तर तिथला प्रत्येक ढिगारा बोलायला लागतो, नाहीतर नुसत्या मातीच्या पडक्या भिंती दिसतात.

१. तारीख चंद्र बघून ठरवा, सुट्टी बघून नाही

आकाशगंगा नीट बघायची असेल तर अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा. घरात कालनिर्णय असेल तर तेच काढा, काम झालं. पौर्णिमेलाही स्टार पार्टी होते, चंद्र दुर्बिणीतून छानच दिसतो, पण काळंकुट्ट आकाश मिळत नाही.

मॅकडॉनल्ड वेधशाळेतल्या स्टार पार्ट्या साधारणपणे मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी असतात. म्हणजे अमावस्येजवळचा शुक्रवार किंवा शनिवार शोधायचा, सुट्टी मिळत असेल तर मंगळवार, कारण तेव्हा गर्दी बरीच कमी.

महिना कोणता? माझं मत ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै ते सप्टेंबर तिथला पावसाळा, डोंगर हिरवे होतात, दिसायला फार सुंदर, पण दुपारनंतर ढग जमतात आणि रात्र हातची जाऊ शकते. मार्चमधे स्प्रिंग ब्रेकची झुंबड आणि वारा. मार्च-एप्रिल-मे मधे सगळं इतकं कोरडं असतं की वणव्याची भीती खरीखुरी असते, एप्रिल २०११ मधला रॉक हाउस वणवा मार्फाजवळ सुरू होऊन फोर्ट डेव्हिसपर्यंत आला, तीन लाख एकरांहून जास्त जमीन जळली आणि गावातली घरंही गेली. तेव्हा बर्न बॅन असेल तर त्यात शेगडी, कोळसा काहीही पेटवायचं नाही, सिगारेटचं थोटूक गाडीबाहेर टाकायचं नाही, याला अपवाद नाही.

२. बुकिंग या क्रमाने करा

लोक आधी हॉटेल बुक करतात आणि मग स्टार पार्टी बघतात, इथेच गणित चुकतं. क्रम असा ठेवा:

पहिलं, स्टार पार्टीची तिकिटं, वेधशाळेच्या वेबसाइटवरून. लाँग वीकेंडची तिकिटं खूप आधी जातात. ऐनवेळी दारात जाऊन मिळतील या भरवशावर एवढा लांबचा प्रवास करू नका.

दुसरं, मुक्काम. गावात एक जुनं हॉटेल आहे, १९१२ सालचं हॉटेल लिंपिया, बाकी काही छोटी मोटेल्स आणि भाड्याची घरं. डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्कमधे तंबू टाकायची सोय आहे, आणि तिथेच इंडियन लॉज नावाचं मातीच्या जाड भिंतींचं पांढरं विश्रामगृह, १९३० च्या दशकात मंदीच्या काळात सरकारने बेरोजगार तरुणांना काम द्यायला जी सिव्हिलियन काँझर्वेशन कोअर काढली होती तिच्या मुलांनी बांधलेलं. आई-बाबा बरोबर असतील तर मी हेच सुचवेन, खोल्या उबदार, अंगणात बसता येतं. गावात जागा नाही मिळाली तर अल्पाइन (साधारण २४ मैल) किंवा मार्फा (साधारण २१ मैल) बघा, पण मग स्टार पार्टी संपल्यावर मध्यरात्री ती चाळीसेक मैलांची अंधारातली ड्राइव्ह करायची तयारी ठेवा.

तिसरं, परतताना बालमोरीया स्टेट पार्कमधे पोहायचं असेल तर त्याचाही डे पास आधीच घ्या, उन्हाळ्यात तिथे गेट बंद झालेलं असतं.

एक गोष्ट पासबद्दल. छावणी नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, म्हणजे फेडरल, तिथे नॅशनल पार्कचा वार्षिक पास चालतो. स्टेट पार्क टेक्सास राज्याचं, तिथे तो चालत नाही, राज्याचा वेगळा पास असतो. वेधशाळा युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासची, तिथे दोन्ही चालत नाहीत. तीन ठिकाणं, तीन मालक, असं लक्षात ठेवा म्हणजे गेटवर हुज्जत होत नाही.

३. कागदपत्रं (हे नक्की वाचा)

फोर्ट डेव्हिस मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब नाही आणि या सगळ्या पट्ट्यात बॉर्डर पेट्रोलच्या गाड्या फिरत असतात. आपण सीमा ओलांडत नाही म्हणून पासपोर्ट घरी ठेवून निघणारे खूप जण आहेत. पण एल पासोहून पूर्वेकडे येताना आय-१० वर सिएरा ब्लांकाला चेकपॉइंट लागतो, आणि बिग बेंडकडून वर परत येताना अल्पाइन, मार्फा आणि मॅरेथॉनच्या दक्षिणेच्या रस्त्यांवर लागतात. तिथे गाडी थांबवून सिटिझन आहात का विचारतात.

जवळ काय ठेवायचं:

ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्ड. एच-१ बी आणि एच-४ वाल्यांनी पासपोर्ट आणि आय-९४ ची (देशात आल्याची नोंद) प्रिंट, आय-७९७ ची (मंजुरीची नोटीस) कॉपी असली तर उत्तम. विद्यार्थ्यांनी पासपोर्ट, आय-९४ आणि आय-२०. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांचा पासपोर्ट आणि आय-९४. मुलं एच-४ वर असतील तर त्यांचेही पासपोर्ट. १८ वर्षांवरच्या नॉन-सिटिझनने आपला रजिस्ट्रेशनचा पुरावा सतत जवळ बाळगायचा असा कायदाच आहे, तेव्हा फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, एकतर तो पुरेसा धरतीलच असं नाही आणि दुसरं म्हणजे तिथे फोनला रेंज नसते.

आई-बाबांना आधी सांगून ठेवा की वर्दीतला माणूस गाडी थांबवेल, दोन प्रश्न विचारेल, शांतपणे खरं उत्तर द्यायचं आणि कागद दाखवायचे. आधी माहीत असलं की ते घाबरत नाहीत. अचानक झालं की दोघांचाही चेहरा असा होतो की आपल्यालाच वाईट वाटतं.

सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमधे आणि फोल्डर पुढच्या सीटजवळ, डिकीत बॅगेखाली नको.

४. रस्ता, गॅस, रेंज

ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोहून आय-१० ने फोर्ट स्टॉक्टनमार्गे, सहा-सात तास. ह्यूस्टनहून नऊच्या आसपास, एका दिवसात ओढू नका, वाटेत मुक्काम करा. डॅलसहून आय-२० ने मिडलँड-ओडेसा-पेकोसमार्गे साडेसात-आठ तास, पेकोसच्या आसपास ऑइल फील्डचे अवजड ट्रक प्रचंड असतात तिथे ओव्हरटेकची घाई नको. विमानाने यायचं असेल तर मिडलँड किंवा एल पासोला उतरून भाड्याची गाडी, दोन्हीकडून पुढे अडीच-तीन तास धरा.

गॅसचा नियम सोपा आहे, टाकी अर्ध्यावर आली आणि पंप दिसला की भरायची. ओझोना ते फोर्ट स्टॉक्टन हा शंभरेक मैलांचा पट्टा जवळजवळ मोकळा आहे, "पुढच्या एक्झिटला बघू" हे तिथे चालत नाही.

गूगल मॅप्सचा त्या भागाचा नकाशा निघण्याआधी डाउनलोड करा, हॉटेलचा आणि स्टार पार्टीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. डोंगरात रेंज जाते ती बराच वेळ येत नाही. एल पासोकडून येणाऱ्यांनी अजून एक बघा, एल पासो माउंटन टाइममधे आहे आणि फोर्ट डेव्हिस सेंट्रलमधे, म्हणजे इकडे येताना एक तास पुढे जातो. बुकिंगची वेळ त्या हिशोबाने धरा.

शेवटचा टप्पा मात्र घाईत उरकू नका. बालमोरीयाकडून स्टेट हायवे १७ ने गावात या, आणि शक्यतो उजेडात. सपाट वाळवंटातून रस्ता एकदम डोंगरात शिरतो, दोन्ही बाजूला लाल-तपकिरी दगडाचे उभे खांब, खाली लिंपिया क्रीकच्या कडेने कॉटनवुडची हिरवी रेघ. वाइल्ड रोझ पास तो हाच. १८४९ मधे लेफ्टनंट व्हायटिंगची तुकडी रस्ता शोधत इथून आली आणि त्याने खिंडीला हे नाव दिलं. नंतर टपालाच्या गाड्या, सैन्य, व्यापारी सगळे याच बाजूने गेले. ही हिरवी रेघ दिसली की छावणी इथेच का बांधली हे वेगळं सांगावं लागत नाही.

५. खाण्याचं काय

थोडक्यात सांगते. गावात खाण्याची ठिकाणं मोजकी, लवकर बंद होतात, आठवड्याच्या सुरुवातीला काही बंदच असतात, आणि शाकाहारी असाल तर पर्याय अगदी कमी. बीन्समधे चरबी असू शकते, विचारून घ्या, लोक चांगले आहेत, नीट सांगतात.

म्हणून घरून न्या: दशम्या किंवा ठेपले, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, उपम्याची-पोह्यांची इन्स्टंट पाकिटं, इलेक्ट्रिक केटल. छोटा राइस कुकर नेला तर रात्री बाराला स्टार पार्टीवरून थंडीत परत आल्यावर गरम मेतकूट-भात-तूप मिळतो आणि त्यासाठी आई-बाबा तुम्हाला दुवा देतील. हॉटेलच्या खोलीत फोडणी मात्र करू नका, स्मोक अलार्म वाजतात. मोठं सुपरमार्केट हवं असेल तर अल्पाइन गाठावं लागतं, हॉस्पिटलही तिथेच, त्यामुळे रोजची औषधं दोन दिवसांची जास्त न्या.

पाणी: माणशी निदान एक गॅलन गाडीत. उंची आणि कोरडी हवा, तहान लागल्याचं कळत नाही आणि डोकं दुखायला लागतं.

६. छावणीचा दिवस

लोक इथे वीस मिनिटं देतात. तुम्ही सकाळचे तीन-चार तास द्या, सकाळी उघडल्या उघडल्या जा. छावणी संध्याकाळी पाचला बंद होते आणि दुपारी परेड ग्राउंडवर सावली अजिबात नाही.

मुलांना आणि आजी-आजोबांना आधीच सांगा की हा आपल्यासारखा किल्ला नाही, तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. मोकळी छावणी आहे: मधे मैदान, एका बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची रांग, समोर शिपायांच्या बराकी, मागे दगडी कडे. हे न सांगता नेलं की "किल्ला कुठाय?" हा प्रश्न पाच मिनिटांत येतो.

क्रम असा घ्या.

*व्हिजिटर सेंटर.* छोटी फिल्म आणि नकाशा. मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागा, ती भरून दिली की बिल्ला मिळतो, आणि बिल्ल्यासाठी मुलं सगळं वाचतात.

*बराक.* एक बराक १८८४ च्या उन्हाळ्यात जशी असेल तशी मांडून ठेवलीय. लोखंडी खाटांच्या दोन रांगा, प्रत्येक खाटेवर घडी घातलेलं अंथरूण, पायाशी पेटी, भिंतीला खुंट्यांवर कपडे. ही खोली टेंथ कॅव्हलरीच्या शिपायांची. यादवी युद्धात ओस पडलेल्या या छावणीत १८६७ मधे सैन्य परत आलं ते नाइन्थ कॅव्हलरीच्या रूपाने, आणि तेव्हापासून १८८५ पर्यंत नाइन्थ आणि टेंथ कॅव्हलरी, ट्वेंटीफोर्थ आणि ट्वेंटीफिफ्थ इन्फंट्री या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी इथे राहिल्या. बफेलो सोल्जर्स म्हणतात ते हे. त्यातले कितीतरी जण थोड्याच वर्षांपूर्वी गुलाम होते. टेक्सासचे रस्ते आखणं, तारेच्या लाइनी टाकणं, टपालाच्या गाड्यांना संरक्षण देणं, आणि हीच छावणी मातीच्या विटांनी आणि दगडांनी बांधणं, हे सगळं त्यांनी केलं. काही जण नोकरी संपल्यावर इथेच राहिले, स्थानिक मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलींशी लग्नं केली, आणि गावात मिसळून गेले. आपण ज्या भिंतीला हात लावायला जातो ती कोणी उभी केली हे मुलांना तिथेच उभं राहून सांगा.

*हाच तो हात लावायचा मुद्दा.* मातीच्या भिंतींना हात लावू नका, टेकू नका, मुलांना चढू देऊ नका. कच्च्या विटा आहेत, पावसाने झिजतात, हाताने त्याहून लवकर.

*अधिकाऱ्यांची रांग.* कमांडिंग ऑफिसरचं घर कर्नल बेंजामिन ग्रिअर्सन यांच्या काळासारखं सजवलंय. १८८० मधे व्हिक्टोरिओ या अपाची सरदाराविरुद्धच्या मोहिमेत ग्रिअर्सननी त्याच्या मागे धावायचं सोडून पाणवठे अडवून धरले, तिनाहा दे लास पाल्मास आणि रॅटलस्नेक स्प्रिंग्ज, आणि त्यामुळे व्हिक्टोरिओला मेक्सिकोत परतावं लागलं, तिथे ऑक्टोबरमधे मेक्सिकन सैन्याशी लढताना तो आणि त्याचे कितीतरी लोक मारले गेले. वाळवंटात पाणी ज्याच्या हातात त्याच्या हातात मुलूख, आणि ही गोष्ट ज्यांच्या पिढ्या या पाण्यावर जगल्या त्यांच्या बाजूनेही बघायला हवी, फलक वाचताना ती आठवण ठेवा. ग्रिअर्सन यांच्या कुटुंबाने पुढे इथेच जमीन घेतली आणि मुलगे गुरं पाळत इथेच राहिले.

*चॅपलचा पाया.* बहुतेक लोक हा ओलांडून जातात कारण तिथे नुसता दगडी पाया आहे. थांबा. हेन्री फ्लिपर, वेस्ट पॉइंट या अमेरिकन लष्करी अकादमीतून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, १८७७ ची बॅच. इथे रसदीचा हिशोब त्याच्याकडे होता. १८८१ मधे हिशोबात पैसे कमी निघाले आणि त्याच्यावर अफरातफरीचा आरोप ठेवून याच चॅपलमधे कोर्ट मार्शल झालं. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, पण अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन असा ठपका ठेवून १८८२ मधे त्याला सैन्यातून काढलं. आणि मला यात सगळ्यात भिडतं ते हे की आरोप झाल्यावर छावणीतल्या आणि गावातल्या लोकांनी वर्गणी काढून काही दिवसांत ती सगळी रक्कम भरून दिली होती. दुकानदार, ओळखीपाळखीचे, त्या वेळच्या टेक्सासमधे, एका कृष्णवर्णीय लेफ्टनंटसाठी. फ्लिपर पुढे इंजिनिअर म्हणून नावारूपाला आला, आयुष्यभर स्वतःचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून झगडला. १९७६ मधे सैन्याने त्याची बडतर्फी बदलून सन्मानाने सेवामुक्ती अशी नोंद केली, आणि १९९९ मधे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी दिली. तोवर त्याला जाऊन जवळजवळ साठ वर्षं झाली होती.

*हॉस्पिटल आणि मागची दरी.* अधिकाऱ्यांच्या रांगेमागे दरीत हॉस्पिटलची इमारत आहे. त्याच भागात जमिनीत दगडांच्या ओळी दिसतील, त्या पहिल्या छावणीच्या, १८५४ च्या. म्हणजे छावण्या दोन आहेत. पहिली दरीच्या आत होती, तिथला पहिला कमांडर लेफ्टनंट कर्नल सीवेल याला ती जागा मुळीच पसंत नव्हती, तिन्ही बाजूंनी कडे, वरून कोणीही हल्ला करेल म्हणून. यादवी युद्धात १८६१ मधे ती कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेकडच्या फुटून निघालेल्या राज्यांच्या, सैन्याकडे गेली, १८६२ मधे तेही सोडून गेले आणि मग ती ओस पडली. १८६७ नंतरची दुसरी छावणी दरीच्या तोंडाशी मोकळ्यावर बांधली, आज उभी दिसते ती ही.

*बिगुल.* दिवसातून ठरावीक वेळी लाउडस्पीकरवर जुन्या रिट्रीट परेडचं (संध्याकाळची कवायत) ध्वनिमुद्रण लावतात. वेळा आत जातानाच विचारून घ्या आणि त्या वेळी व्हरांड्यात बसा. बिगुल, घोड्यांच्या टापा, हुकूम, आणि समोर रिकामं मैदान. आवाज मागच्या कड्यांवर आपटून परत येतो.

चालायची आवड असेल तर छावणीतून वर जाणारी पायवाट पुढे स्टेट पार्कला जोडलेली आहे. टोपी, पाणी, बंद बूट. रॅटलस्नेक असतात, दगडामागे न बघता हात घालू नका.

७. गावात एक चक्कर

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वे आली ती मार्फा आणि अल्पाइनवरून गेली, फोर्ट डेव्हिस बाजूला राहिलं. १८८५ मधे प्रेसिडिओ काउंटीचं मुख्य ठिकाण मार्फाला हललं. १८८७ मधे वेगळी जेफ डेव्हिस काउंटी झाली म्हणून कचेरी तरी गावात परत आली. आणि १८९१ मधे सैन्यच निघून गेलं. एवढं झाल्यावर गाव संपायला हवं होतं. तगलं ते गुरांच्या रँचेसवर, थंड कोरड्या हवेसाठी उन्हाळ्यात येणाऱ्या लोकांवर, आणि पुढे वेधशाळेवर. १९१० सालचं कोर्टहाउस आणि आजूबाजूच्या जुन्या इमारती अर्ध्या तासात चालून होतात. छावणीच्या इमारती सैन्य गेल्यावर कोणी भाड्याने राहिलं, काही पडल्या, आणि १९६१ मधे कायदा होऊन ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली.

दुकानात शिरलात की "हाउडी" म्हणून बोलायला सुरुवात करतील, तुम्हीही बोला, कुठून आलात सांगा. रँचची फाटकं आणि कुंपणं खाजगी आहेत, फोटोसाठी आत जाऊ नका.

८. स्टार पार्टी

वेधशाळा गावापासून स्टेट हायवे ११८ वर साधारण १६ मैल, माउंट लॉकवर, ६,८०० फुटांच्या आसपास. वळणांचा चढ आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधी घ्या.

सगळ्यांना चकवणारी गोष्ट म्हणजे वेळ. फोर्ट डेव्हिस सेंट्रल टाइम झोनच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे जून-जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे स्टार पार्टी त्यानंतर आणि संपायला मध्यरात्र. लहान मुलांना दुपारी झोपवाच. हिवाळ्यात हे सगळं बरंच लवकर आटोपतं, पण थंडी कडाक्याची.

कपडे: जुलैतही जॅकेट. डिसेंबरमधे कानटोपी, हातमोजे, आणि आजी-आजोबांसाठी ब्लँकेट, कारण दुर्बिणींच्या रांगेत उघड्यावर उभं राहायचं असतं.

उजेड: फोनची टॉर्च बंद, फ्लॅश बंद, मुलांचे चमकणारे बूटही नकोत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका फ्लॅशने ती सगळ्यांची जाते. लाल उजेडाची छोटी टॉर्च चालते, आधी विकत घेऊन ठेवा.

ढग असतील तरी जा, आत कार्यक्रम असतो. आणि जमलं तर दिवसाही जा, सूर्य दाखवतात आणि मोठ्या दुर्बिणींची टूर असते. १९३९ ची ८२ इंची, १९६८ ची १०७ इंची, आणि ९१ षटकोनी आरसे जोडून केलेली हॉबी-एबर्ली. आजूबाजूच्या काउंट्यांमधे बाहेरच्या दिव्यांवर नियम आहेत, आणि २०२२ मधे हा सगळा प्रदेश, मेक्सिकोच्या काही भागासकट, आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर झाला. तेव्हा भाड्याच्या घरात राहत असाल तर अंगणातला दिवा रात्रभर लावून ठेवू नका.

उतरताना सावकाश. हरणं आणि हावेलिना (डुकरासारखा प्राणी, कळपाने फिरतो) रस्त्यावर येतात. एक ओलांडून गेला की मागून दुसरा येतोच असं धरून चाला.

९. दुसरा दिवस आणि परतीची वाट

वेळ असेल तर ११८ आणि १६६ या दोन रस्त्यांचा मिळून ७५ मैलांचा फेरा आहे, डोंगराला वळसा घालून गावात परत आणतो. टाकी भरून निघा, वाटेत काही नाही.

घाई असेल तर सरळ बालमोरीया. सॅन सोलोमन झऱ्याचं पाणी, वर्षभर ७२ ते ७६ फॅरनहाइट, इतकं नितळ की तळातले मासे वरून दिसतात. पूल खोल आहे, तळ नैसर्गिक, दगड निसरडे, पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट आणा. पोहून झालं की जवळच गावात टाकी भरा आणि आय-१० ला लागा. एल पासोकडे जाणार असाल तर घड्याळ एक तास मागे, आणि नंतर कधी त्याच रस्त्याने पूर्वेकडे यायचं असेल तर चेकपॉइंट लागणार, कागदांचा फोल्डर पुढच्या सीटजवळच राहू द्या.